धर्माचा रकाना

नाताळला नगरला जाऊन आले. आता जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, २०२४ पासून, पण आमच्या तोंडी 'नगर'च बसलंय, त्याला इलाज नाही. दोन दिवस शहरात काढले आणि तिसऱ्या दिवशी गावी गेले, चुलतभावाकडे. अंगणात बसून करंज्या खात होतो आणि भाचीने एकदम विचारलं, "आत्या, खोटं कुठलं गं? दाखल्यावरचं की देवळातलं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुण्याला परत येताना एसटीत शिरूरपर्यंत तेच डोक्यात होतं. म्हणून आज लिहायला बसलेय. आधीच सांगते, लांबणार आहे.

आधी प्रश्न काय तो सांगते. भाची सत्तावीस वर्षांची. नर्सिंग केलंय, गावातच राहते. बचत गट चालवते. उन्हाळ्यात टँकर कधी येणार, कुठल्या वस्तीला किती खेपा, याचा हिशेब ग्रामसेवकाआधी हिच्या वहीत असतो. गावातली माणसं, अगदी पाटलांच्या घरातलीसुद्धा, तिला म्हणताहेत की येत्या ग्रामपंचायतीला तू उभी राहा. आमचा प्रभाग अनुसूचित जाती महिला यासाठी राखीव निघालाय. म्हणजे सगळं जुळून आलेलं.

फक्त ती दर रविवारी देवळात जाते. (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.) तिचा बाप्तिस्मा झालाय, ती भजनाला पेटी वाजवते. आणि शाळेच्या दाखल्यावर लिहिलंय 'हिंदू महार'.

हे असं कसं, हा प्रश्न बाहेरच्यांना पडेल. नगर जिल्ह्यातल्या माणसाला पडणार नाही.

आमचे आजोबा आणि त्यांचे भाऊ एकाच घरात वाढले, एकाच महारवाड्यात. आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले, मास्तर झाले. त्यांच्या भावाचा मुलगा, म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ, १९५६ साली बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झाला. आजोबांना दोन मुलगे. थोरले माझे वडील, अप्पा. धाकटे नाना. अप्पांनी आम्हा भावंडांना शाळेत घालताना रकान्यात स्पष्ट 'ख्रिस्ती' लिहायला लावलं. नानांच्या मुलांच्या वेळी गावच्या शाळेतल्या गुरुजींनी विचारलंच नाही. वस्ती माहीत होती, त्यांनी जात लिहून टाकली. नाना गप्प राहिले.

एका घराच्या तीन शाखा, तीन रकाने. गावाच्या लेखी मात्र तिन्ही शाखा एकच. पाणवठ्यावर कुणी आमच्या आजीला विचारलं नव्हतं की बाई, तुझा बाप्तिस्मा झालाय का, मग तू वर ये.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १९५० साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबद्दलचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटलंय की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. महाराष्ट्रात नवबौद्धांना राज्याच्या सवलती त्याआधीपासून होत्या. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. लोकांना वाटतं की हा फक्त नोकरीचा आणि कॉलेजच्या सीटचा प्रश्न आहे. तसं नाही. राखीव जागेवरून निवडणूक लढवता येत नाही. उद्या गावात जातीवरून मारहाण झाली, तर अॅट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षणही मिळत नाही. मारणारा मात्र धर्म विचारून मारत नाही.

म्हणून भाचीने अर्ज भरला तर तिला 'मी हिंदू आहे' असं म्हणावं लागेल. निवडून आली तर जात पडताळणी. विरोधी पॅनलने नाताळच्या कार्यक्रमातला पेटी वाजवतानाचा फोटो दिला की संपलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईंच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंच आहे की श्रद्धा ख्रिस्ती ठेवायची आणि आरक्षणापुरतं हिंदू म्हणवायचं, ही संविधानाची फसवणूक आहे. फसवणूक हा शब्द तिच्या मनाला लागला होता. तिचा प्रश्न त्यातूनच आला.

आता जरा मागे जाते, कारण नगरला या प्रश्नाची मुळं खोल आहेत.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. सिंथिया फरार नावाच्या बाई १८३९ च्या सुमारास इथे आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली इथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. त्याआधी त्यांनी फरारबाईंची नगरची शाळा पाहिली होती आणि तिचा आपल्यावर परिणाम झाला हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलंय. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरलाच सुरू झालं. म्हणजे आज आपण ज्याला महाराष्ट्राचं सार्वजनिक जीवन म्हणतो, मुलींची शाळा, वर्तमानपत्र, वादविवाद, त्यातला बराचसा भाग आमच्या या धुळीच्या गावातून गेलाय. महाराष्ट्राने जोतीरावांना घेतलं, ते बरोबरच केलं. फरारबाई मात्र पाठ्यपुस्तकात कुठे असल्या तर एका ओळीत.

मग रेव्हरंड टिळक. चित्पावन ब्राह्मण, जन्म कोकणातला, बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत, आणि संसार पुढे नगरला आणि राहुरीला. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलं नाही असा मराठी वाचक विरळा. त्यांचं सोवळं कसं गळून पडलं ते त्यांनी इतकं हसत हसत लिहिलंय की वाचताना आपण कुठल्या धर्माचे हे आठवतही नाही. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला पेटी, टाळ, अभंग दिले. आमच्या 'उपासना संगीत'मधली त्यांची पदं काढली तर पुस्तक निम्मं मुकं होईल. मला त्यांचं सर्वांत धाडसाचं काम वाटतं ते १९१७ चं. मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. बंधन एकच, ख्रिस्ताला मानायचं. दोन वर्षांनी, १९१९ साली, ते गेले आणि ते काम मागे पडलं.

टिळकांचा मुद्दा साधा होता. ख्रिस्ताला मानायला परदेशी व्हावं लागत नाही. त्याच काळात दुसऱ्या टिळकांच्या, म्हणजे लोकमान्यांच्या, होमरूल लीगचे अध्यक्ष होते जोसेफ बाप्तिस्ता, मुंबईचे ख्रिस्ती. लोक त्यांना काका म्हणत. म्हणजे १९१६-१७ च्या सुमाराला एक टिळक ख्रिस्ताला मराठी करत होते आणि दुसऱ्या टिळकांच्या चळवळीच्या अध्यक्षपदी एक ख्रिस्ती माणूस बसला होता. आणि शंभर वर्षांनंतर आम्हाला विचारतात, "तुम्ही लोक मूळचे कुठले?" अहो, नेवासे तालुक्यातले.

पण मी हे सगळं अभिमानाने सांगून थांबले तर तो अर्धवट हिशेब होईल.

मिशनने आमच्या लोकांना अक्षर दिलं, त्याबरोबर माय-बाप साहेबाची सवयही लावली. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर या भागात बाप्तिस्मे वाढले हे खरं आहे. 'पोटासाठी बाटले' हे वाक्य मी शाळेत ऐकलंय, आणि ते ऐकून रडलेही आहे. आता रडत नाही. उपाशी माणसाला जो भाकरी देतो आणि शेजारी बसवून देतो, त्याच्या देवाबद्दल त्या माणसाला कुतूहल वाटलं तर त्यात लाजण्यासारखं काय? आजोबा म्हणायचे, भाकरी सरकारी कामावरपण मिळत होती, पण मास्तरने पाटीला हात लावू दिला तो मिशनच्या शाळेत. तरीही हेही खरं, की भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच हाताने दिले की बघणाऱ्याला संशय येणार. तो संशय नुसता द्वेषातून आलेला नव्हता. आणि देवळात गेल्यावर जात संपली असंही झालं नाही. महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती हे शब्द मी घरातच ऐकले, सोयरिकीच्या बोलण्यात. वरच्या जातीतून आलेल्यांची आडनावं सांगताना आवाज अजूनही थोडा बदलतो.

बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजाबद्दल लिहिलंय ते आमच्या लोकांनी वाचायलाच हवं. त्यांची तक्रार अशी की हा समाज शिकला, दवाखान्यांत आणि शाळांत कामाला लागला, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध चळवळ म्हणून उभा राहिला नाही. वाचताना झोंबतं. पण आमच्या घरात बघितलं तर अप्पा मास्तर, आत्या नर्स, नाना कंपाउंडर, मी बँकेत. मोर्चात कोण? कुणी नाही.

याचं एक कारण मला दिसतं. मे १९४९ मध्ये संविधान सभेत धार्मिक अल्पसंख्यांकांसाठीच्या राखीव जागा सोडून द्यायचं ठरलं, त्यात ख्रिस्ती नेते पुढे होते. अल्पसंख्यांक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती, संविधान सभेचे उपाध्यक्ष. भूमिका अशी की आम्हाला वेगळं काही नको, आम्ही या देशावर विश्वास टाकतो. मला ती भूमिका आजही मोठी वाटते. पण ती शिकल्या-सवरलेल्या ख्रिस्ती माणसाची होती. नेवासे तालुक्यातल्या ख्रिस्ती शेतमजुराला संविधान सभेत कोण ओळखत होतं? पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५० मध्ये, तो आदेश आला आणि अनुसूचित जातीचा म्हणून असलेला दरवाजाही त्याला बंद झाला. दोन्हीकडून गेला बिचारा.

मग आमच्या लोकांनी काय केलं? काम केलं. तेही असं की देशाने नाव घ्यावं. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. मी त्याच कॉलेजची. तिथे आसपासच्या तालुक्यांतली सगळ्या जातीधर्मांची पोरं शिकली. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. वेल्लोरला शिकलेलं हे जोडपं, कुठेही नाव आणि पैसा मिळवलं असतं. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, अशा बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. ज्या बाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिच्या हातून बाळंतपणं होऊ लागली. १९७९ साली मॅगसेसे, १९९० साली डॉक्टरांना पद्मभूषण. जगभरची माणसं जामखेड शिकायला आली. आणि फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडहून आलेले जेज्विट. आमच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर पाणलोटाची कामं उभी केली, १९९३ साली 'वॉटर' ही संस्था काढण्यात ते होते. चर खणले, बांध घातले, विहिरींना पाणी आलं. त्या पाण्यावर कांदा काढणाऱ्या शेतकऱ्याने फादरचा धर्म विचारला नाही.

म्हणजे ख्रिस्ती माणसाचं काम देशाला चालतं. अडचण होते ती तो बोलायला उभा राहिला की. २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा आठवतंय ना? वसईचा माणूस, जन्मभर मराठीत लिहिलेला, 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला. तरी 'पाद्री कसा काय अध्यक्ष?' म्हणून गदारोळ झाला, धमकीचे फोन गेले. जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादला (आताचं धाराशिव) गेले, आजारी होते तरी गेले आणि बोलले. ते २०२४ साली गेले. मी ते सगळं टीव्हीवर बघत होते आणि मनात म्हणत होते, फादर, तुम्ही दवाखाना काढला असता तर कुणी काही म्हणालं नसतं.

आता अप्पांबद्दल. हे मी पूर्वी कधी लिहिलेलं नाही, नातेवाईकांनी समजून घ्यावं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. मी इंटर सायन्सला होते. मेडिकलला जायचं होतं. मार्क थोडे कमी पडले, खुल्या यादीत नाव आलं नाही. बौद्ध शाखेतल्या चुलतभावाला माझ्याहून कमी मार्क होते, त्याचं झालं. तो चांगला डॉक्टर झाला, आजही आमच्या घरातल्या सगळ्यांचं बीपी तोच बघतो. माझा राग त्याच्यावर नव्हताच. अप्पांवर होता. मी त्यांना म्हटलं, "एका शब्दासाठी तुम्ही माझं आयुष्य घालवलंत." ते म्हणाले, "मी रविवारी मुलांना पेत्राची गोष्ट शिकवतो, कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारलं ती. सोमवारी ऑफिसात जाऊन मी काय लिहू?"

मी बीएस्सी केलं, बँकेत लागले, निवृत्त झाले. बरं चाललं. पण कित्येक वर्षं मी अप्पांना मनातून माफ केलं नव्हतं. आणि नानांना मी मनातून हलकं लेखत होते, तेही कबूल करते. आता पेन्शनीत बसून दोघांकडे बघते तेव्हा वाटतं, दोघांनी आपापल्या परीने खरंच सांगितलं. अप्पांनी विश्वास सांगितला. नानांच्या कागदावर गावाने त्यांना काय ठरवलं होतं ते आलं. दोन्ही खरं असू शकतं हे मान्य करायला रकान्याची तयारी नव्हती, एवढंच.

माझं मत त्यामुळे असं झालंय. जातीचा त्रास धर्म बदलून संपत नाही, हे शीख आणि बौद्धांच्या बाबतीत देशाने मान्य केलं. मग आमच्या बाबतीत का नाही? न्या. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली सांगितलं की अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा. पुढे २०२२ साली न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. विरोध करणारे म्हणतात की सवलत दिली तर धर्मांतरं वाढतील. आणि हेही म्हणतात की तुमच्या धर्मात जात नाही ना, मग सवलत कशाला? पहिल्या मुद्द्यावर माझं म्हणणं असं की सवलतीच्या भीतीने माणूस एका धर्मात राहत असेल, तर त्यात त्या धर्माचाही मान नाही. दुसरा मुद्दा मात्र आमच्यावर उलटतो, आणि उलटायलाच हवा. देवळात जात आहे हे आम्ही तोंडाने कबूल करत नाही आणि सरकारकडे मात्र जातीचा दर्जा मागतो. आधी पाळकांनी वेदीवरून हे बोलायला हवं. आणि आम्ही बाबासाहेबांच्या त्या तक्रारीला उत्तर द्यायला हवं, रस्त्यावर आणि ग्रामपंचायतीत.

म्हणजे फिरून भाचीपाशीच आले.

तिला मी फोन केला. म्हटलं, दाखलाही खोटा नाही आणि देऊळही खोटं नाही. पण अर्जावर सही करताना तू काय कबूल करतेस ते महत्त्वाचं, आणि ते तुझ्या अप्पाआजोबांना जमलं नव्हतं. लगेच जीभ चावली. पेन्शनवाल्या आत्याने तरुण पोरीला तत्त्व शिकवणं फार सोपं असतं. म्हणून पुढे म्हटलं, नानांसारखं केलंस तरी मी तुला हलकं लेखणार नाही, ती चूक एकदा करून झालीये.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शेजारचा प्रभाग सर्वसाधारण आहे, आत्या. तिथे जातीचा दाखलाच लागत नाही."

"तिथे सगळी वरची आळी. तुला कोण मत देणार?"

"टँकर त्यांच्या दारातपण माझ्याच वहीवर येतो," ती म्हणाली. "आणि पडले तर पडले. निदान नाताळचे फोटो लपवावे लागणार नाहीत."

फॉर्म भरायला अजून वेळ आहे. दादा आणि वहिनी घाबरलेत, पाटलांकडून अजून होकार नाही, बचत गटातल्या बायका मात्र आत्तापासून हिशेब मांडताहेत की कुणाच्या घरी किती मतं. काय होईल ते होईल. निकाल लागला की कळवीनच.

असो. सगळ्यांना सलाम.